घरचा ड्रायर: पॉइंट, वायर आणि अर्थिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत कपडे वाळत नाहीत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. टॉवरमध्ये सोसायटी दर्शनी बाल्कनीत दोरी बांधू देत नाही, ड्राय बाल्कनीत नावापुरतंही ऊन येत नाही, आणि दोन दिवस पंख्याखाली टाकलेल्या जीन्सला कुबट वास यायचा तो येतोच. म्हणून लोक ड्रायर घेतात. दुकानात चौकशी होते किलोची, प्रोग्रॅमची आणि ईएमआयची. मशीन जिथे लावणार त्या प्लगबद्दल कोणी काही विचारत नाही, आणि विक्रेता आपणहून सांगत नाही. खालचे प्रश्न त्या प्लगचे, भिंतीतल्या वायरचे आणि ती वायर जिथून निघते त्या डीबीचे, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचबोर्डाचे (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), आहेत.

वॉशिंग मशीनचा पॉइंट आहेच. ड्रायर त्यावरच लावला तर?

आधी मशीनच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेली पट्टी वाचा. त्यावर वॅट लिहिलेले असतात. हीटरवर चालणारा ड्रायर, मग तो गरम हवा पाइपने बाहेर टाकणारा असो की पाणी टाकीत जमवणारा कंडेन्सर असो, साधारण २००० ते २७०० वॅट घेतो. आपल्याकडे घरात वीज येते २३० व्होल्टची. २५०० ला २३० ने भागा: जवळपास ११ अँपियर. म्हणजे ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटचा विषय इथेच संपला. १६ अँपियरचं मोठं सॉकेट लागणार, ज्याला अजूनही सगळे 'पंधराचा प्लग' किंवा 'पॉवर पॉइंट' म्हणतात.

खरी गोम पुढे आहे. मोठं सॉकेट दिसलं म्हणजे मागची वायरही तेवढ्या ताकदीची असेलच असं नाही. बऱ्याच फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीचा पॉइंट किचनच्या ओट्यावरून लूप मारून आणलेला असतो. त्याच वायरवर मिक्सर, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर, कधी फ्रीजसुद्धा. तपासायची सोपी रीत आहे. बाल्कनीच्या प्लगला मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावा आणि डीबीतले एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारे खटके, एकेक करून खाली करा. ज्या एमसीबीने तो लॅम्प विझला, त्याच्याबरोबर घरात आणखी काय काय बंद पडलं ते बघा. फक्त लॅम्प विझला तर पॉइंट स्वतंत्र आहे. लॅम्पबरोबर फ्रीज आणि ओट्यावरचे प्लगही गेले, तर ड्रायरसाठी डीबीपासून वेगळी वायर ओढून घ्या.

गिझरही दोन हजार वॅटचा असतो. त्याच्याबद्दल कोणी एवढं बोलत नाही. मग ड्रायरचंच एवढं कौतुक का?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

फरक वॅटचा नाही, वेळेचा आहे. गिझर दहा-पंधरा मिनिटांत पाणी तापवतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. ड्रायरचा एक राउंड दीड-दोन तासांचा. पावसाळ्यात चार माणसांच्या घरात एकामागून एक दोन राउंड होतात. एवढा वेळ ११ अँपियर एकाच जोडातून वाहत राहतात, आणि जोड कच्चा असेल तर तो तिथे उघडा पडतो.

कच्चा जोड म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. सॉकेटच्या मागे वायर एका छोट्या स्क्रूखाली दाबलेली असते. तो स्क्रू थोडा सैल झाला, किंवा प्लगची पिन ज्या पितळी पट्ट्यांत बसते त्या फाकल्या, की तिथे रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. समजा तो रोध अर्धा ओहम झाला. ११ अँपियरचा वर्ग १२१, त्याच्या निम्मे ६० वॅट. जुन्या काळच्या साठच्या बल्बइतकी उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत, वारा नसलेल्या भिंतीत, दोन तास. गिझरच्या पॉइंटवर हाच सैल स्क्रू वर्षानुवर्षं खपून जातो, कारण डबी तापायच्या आत गिझर बंद होतो.

आणि एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त वायरमधून किती अँपियर जातात ते समजतं. जोड सैल झाल्यावर करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. सॉकेट वितळत असताना एमसीबी शांतपणे वर असतो. म्हणून या एका गोष्टीसाठी कोणतंही उपकरण पुरेसं नाही. हात लावून बघावं लागतं, नाक उघडं ठेवावं लागतं.

प्लग गरम लागतो. किती गरम चालेल?

राउंड संपल्यावर मशीन बंद करा, बटण बंद करा आणि मग प्लगच्या टोपीला हात लावा. कोमट लागला तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर त्या पॉइंटवर ड्रायर पुन्हा लावू नका, 'आजचा एक राउंड होऊ दे' असंही नको.

प्लग बाहेर काढून पिनांकडे बघा. चांगली पिन पितळी रंगाची, गुळगुळीत असते. तापलेली पिन आधी निस्तेज होते, मग तिच्यावर जांभळट-तपकिरी झाक येते, नंतर काळे ठिपके पडतात. हे बहुधा एकाच पिनेवर दिसतं, कारण सैल असतो तो एकच जोड. सॉकेटच्या पांढऱ्या पट्टीवर त्याच भोकाभोवती पिवळट कडा उमटलेली असते. दुसरी खूण वासाची. स्विच-सॉकेटचं काही प्लॅस्टिक तापलं की सुक्या मासळीसारखा वास येतो. आपल्या भागात तो सहज फसवतो: शेजारी सुकट भाजतायत असं वाटून माणूस खिडकी लावून घेतो. ड्राय बाल्कनीत हा वास आला आणि घरात मासळी नसेल, तर आधी मेन बंद करा.

दुरुस्ती अर्धवट करू नका. फक्त सॉकेट बदललं आणि प्लग तोच काळवंडलेला राहिला, तर जुनी पिन नव्या सॉकेटच्या पट्ट्याही खराब करते. दोन्ही बदला. वायरचं टोक कडक आणि काळं झालं असेल तर चकाकणारं तांबं लागेपर्यंत मागे कापा. वायर आखूड पडते म्हणून इलेक्ट्रिशियन हे टाळतात. तसं झालं तर वायर नवी ओढायला सांगा, डबीत पिळून टेप मारलेला जोड नको.

एक्स्टेन्शन बोर्ड चालेल का? ओरिजिनल कंपनीचा आहे.

नाही. त्याच्या मागे बहुधा ६ अँपियर लिहिलेलं असतं, आणि गुंडाळून ठेवलेली वायर आणखी तापते. याहून वाईट म्हणजे मोठी पिन छोट्या सॉकेटात घालायचा तो कन्व्हर्टर. १६ अँपियरच्या प्लगच्या पिना मुद्दाम जाड ठेवल्या आहेत, साधारण ७ मिलिमीटरच्या. छोट्याच्या ५. म्हणजे चुकीच्या ठिकाणी प्लग बसूच नये, अशी ती व्यवस्था आहे. पन्नास-शंभर रुपयांचा कन्व्हर्टर नेमकी तीच मोडून काढतो.

वायर किती एमएमची आणि एमसीबी किती अँपियरचा?

आयएसआय शिक्का असलेली तांब्याची वायर, कमीत कमी अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची. डीबी दाराजवळ आणि ड्राय बाल्कनी पार मागे असेल, किंवा एकाच पाइपातून एसी-गिझरच्या वायरीही जात असतील, तर चारची घ्या. एकत्र कोंबलेल्या वायरी एकमेकींना तापवतात. फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्याबरोबर हिरवी अर्थची, म्हणजे जमिनीला जोडलेली, वायर डीबीपर्यंत सलग हवी. एमसीबी १६ अँपियरचा पुरतो. मशीन २७०० वॅटच्या आसपासचं असेल आणि वायर चारची असेल तर २० चा. बी आणि सी या दोन्ही प्रकारांत ड्रायरसाठी सी बरा, कारण मोटर सुरू होतानाच्या क्षणभराच्या झटक्याला तो पडत नाही.

हे लक्षात ठेवा की एमसीबी आपल्या आकड्यावर लगेच पडत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडला पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ४६ अँपियरपर्यंत बराच वेळ वाट बघू शकतो. आता 'सारखा पडतो म्हणून मोठा बसवून दिला' या घराघरांत ऐकू येणाऱ्या वाक्याचा अर्थ लावा. भिंतीत वायर दीडची किंवा अडीचची, आणि तिची राखण करणारा ३२ चा. एमसीबी पडत नाही, याचा अर्थ आता वायर जळणार.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायरसाठी आहे, आरसीसीबी माणसासाठी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतो की नाही, एवढंच आरसीसीबी बघतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की क्षणार्धात लाइन तोडतो. ओल्या हाताने ओले कपडे भरायचे, खाली फरशी ओली, मशीनचं अंग पत्र्याचं: घरात याची सर्वांत जास्त गरज असलेली जागा हीच. जुने लोक याला ईएलसीबी म्हणतात.

त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, लाइन गेली पाहिजे. नाही गेली तर आरसीसीबी निकामी आहे. कित्येक घरांत हे बटण घर ताब्यात घेतल्यापासून कोणी दाबलेलं नसतं.

पावसाळ्यात ड्रायर लावला की आरसीसीबी पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, बायपास करतो.

त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मग क्रमाने बघा. ड्रायरचा प्लग काढून आरसीसीबी वर करा. तरी पडला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे, आणि पावसाळ्यात पहिला संशय बाल्कनीच्या बोर्डवर: भिंतीतून झिरपलेलं पाणी डबीत उतरतं. प्लग काढल्यावर टिकला, पण मशीन सुरू करताच पडला, तर मशीनच्या आत ओल किंवा बिघाड. सुरुवातीला नीट चालून हीटर लागल्यावर पडत असेल तर बहुधा हीटरचं एलिमेंट गळतंय. तिथे कंपनीचा माणूसच लागेल.

आणखी एक शक्यता असते. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असतो, आणि फ्रीज, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, मशीन या सगळ्यांची थोडी थोडी गळती मिळून ३० च्या जवळ पोहोचते. ड्रायर फक्त शेवटची भर घालतो. अशा वेळी ड्रायरच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ बसवतात. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींची कामं एकत्र असतात.

आमच्याकडे अर्थिंग आहे का, हे कसं कळणार? सॉकेटला तिसरं भोक तर आहे.

तिसऱ्या भोकामागे वायर आहे का, असली तर ती कुठपर्यंत जाते, हे भोकाकडे बघून कळत नाही.

पहिली खूण मशीनच देतं. अनवाणी पायाने पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा टेस्टर टेकवल्यावर मंद पेटत असेल, तर अर्थ मिळत नाहीये. आजच्या मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक फिल्टर असतो. तो अगदी थोडा करंट अर्थमध्ये सोडतो. अर्थ तुटलेला असला की तो करंट पत्र्यावर थांबतो आणि मीटरने मोजल्यास शंभर-एकशेवीस व्होल्ट दाखवतो. एवढ्याने माणूस मरत नाही. पण 'हलकासा करंट लागतो, सवय झालीय' म्हणणाऱ्या घरात ज्या दिवशी हीटर खरोखर पत्र्याला टेकेल, त्या दिवशी आरसीसीबीही नसेल तर वाचवायला काहीच नसेल.

दुसरी, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायची तपासणी: सॉकेटमध्ये फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नको. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर बाजारात मिळतो, तो अर्थ आहे की नाही एवढं सांगतो, चांगला आहे की नाही ते सांगत नाही.

आणि सॉकेट उघडल्यावर एक गोष्ट जरूर पाहा. अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूला जोडणारा वायरचा इवलासा तुकडा दिसला, तर तो ताबडतोब काढायला लावा. अर्थची वायर नसलेल्या जुन्या घरांत 'अर्थिंग करून दिलं' म्हणून हा तुकडा टाकतात. टेस्टर समाधानी होतो. पुढे कधी न्यूट्रल सैल झाला की मशीनचं सगळं अंग जिवंत फेज बनतं.

सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा हा समितीचा विषय. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत, वाशीपासून बेलापूरपर्यंत आणि इकडे कोपरी-राबोडीकडेही, खड्ड्यातल्या पट्टीचे नट-बोल्ट गंजून जातात. अर्थचा रोध एप्रिल-मेमध्ये मोजून घ्या. जमीन कोरडी असताना येणारा आकडा खरा. भर पावसात कुठलाही खड्डा पास होतो.

आमची इमारत सिडकोच्या सुरुवातीच्या काळातली आहे. वायरिंग बदलायलाच हवं का?

ड्रायर लावायचा असेल तर निदान त्याची लाइन तरी नवी घ्या. जुन्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमची वायर सापडते. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून चपटं होतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड आपोआप सैल पडत जातो. वर सांगितलेल्या ६० वॅटच्या हिशेबाला याहून चांगलं निमित्त नाही. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतील तर त्यात कोणी कधी किती जाड तार भरली आहे ते देव जाणे. ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारती आणि वर्तकनगरच्या वसाहती यांनाही हेच लागू. पुनर्विकास जवळ आलाय म्हणून भिंती फोडायच्या नसतील, तर वरून केसिंग पट्टीतून, म्हणजे भिंतीवर बसवायच्या पोकळ पट्टीतून, वायर न्या. दिसायला साधी दिसते, पण सुरक्षेत कुठेही कमी पडत नाही आणि तपासायला सोपी.

ड्राय बाल्कनीत पॉइंट नेमका कुठे घ्यायचा?

मशीनच्या मागे नको, बाजूला. ऐन वेळी मशीनवरून वाकून हात घालावा लागू नये. फरशीपासून निदान कमरेएवढ्या उंचीवर, नळाच्या आणि पावसाच्या झोताच्या रेषेबाहेर. ग्रिलमधून तिरपा पाऊस आत येतोच, म्हणून झाकणाचा वेदरप्रूफ बॉक्स, आणि झाकण प्लग लावलेला असतानाही बंद होईल असा. वायर सॉकेटकडे जाताना थोडी खाली लोंबून वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच गळून पडेल. पाइप गॅसची लाइन बऱ्याच इमारतींत याच बाल्कनीतून येते. बोर्ड तिला चिकटवून बसवू नका.

बाथरूममध्ये जागा आहे.

असू दे. ड्रायर तिथे नको.

वॉशिंग मशीनवर ड्रायर ठेवलाय. दोन्हींना एकच सॉकेट, त्यात टू-पिन… म्हणजे तो दोन तोंडांचा प्लग चालेल?

चालणार नाही. वॉशिंग मशीनही गरम पाण्याच्या प्रोग्रॅमला २००० वॅटच्या घरात जातं. दोन्ही मिळून ४५०० वॅट, म्हणजे साडेएकोणीस अँपियर, १६ च्या सॉकेटमधून. दोन स्वतंत्र सॉकेट घ्या, शक्यतो दोन एमसीबीवर. एकावर एक ठेवताना कंपनीचं स्टॅकिंग किट वापरा, आणि वरच्या मशीनची वायर दोन पत्र्यांमध्ये चेपली जात नाही ना ते टॉर्च मारून बघा. मशीन थरथरतं. चेपलेली वायर महिन्या-दोन महिन्यांत सोलली जाते.

हीट पंपचा ड्रायर घेतला तर हे सगळं टळतं का?

बरंचसं. त्यात हीटरऐवजी फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. तो साधारण ६०० ते १००० वॅट घेतो, म्हणजे तीन-चार अँपियर. सैल जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने घटत असल्यामुळे ११ च्या जागी ४ अँपियर आले की ती जवळपास आठव्या हिश्शावर येते. बिलातही फरक पडतो: आठ किलोच्या एका राउंडला हीटरवाला साधारण चार-पाच युनिट घेतो, हीट पंप दोनच्या आतबाहेर. महावितरणच्या दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात हे लक्षात घेता, रोज लावणाऱ्यांनी जास्तीची किंमत मोजून हाच घ्यावा असं आमचं मत आहे. अर्थिंग आणि आरसीसीबी मात्र त्यालाही तेवढेच लागतात. मशीन आडवं करून आणलं असेल तर कंपनी सांगते तितका वेळ उभं ठेवल्याशिवाय सुरू करू नका.

मुलगा अमेरिकेहून परत येतोय, सामानात ड्रायर आहे. प्लग बदलून घेतला की झालं ना?

नाही, आणि यात फक्त पिनांच्या आकाराचा घोळ नाही. तिथल्या घरात १२० व्होल्टच्या दोन फेज आणि मधोमध न्यूट्रल अशी वीज येते. ड्रायरचा हीटर त्या दोन फेजमध्ये २४० वर चालतो, तर मोटर आणि कंट्रोल एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० वर. म्हणून तिथे ३० अँपियरचा वेगळाच प्लग असतो. आपल्याकडे २३० ची एक फेज आणि न्यूट्रल. हीटर कदाचित तापेल, पण मोटरसाठी लागणारे १२० व्होल्ट आपल्या प्लगमध्ये नाहीतच. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, त्यामुळे मोटर हळू फिरते आणि तापते.

त्यातही तीन पिनांचा जुना ड्रायर असेल तर धोका आणखी वेगळा. त्या पद्धतीत मशीनचा पत्रा न्यूट्रललाच जोडलेला असतो, तिसरी पिन अर्थची नसते. अमेरिकेतही १९९६ पासून नव्या जोडणीला चार वायरी सक्तीच्या झाल्या, त्या याच कारणाने. आपल्या माणसाने तिसरी पिन बघून 'अर्थ आहे' असं समजून जोडणी केली तर अनर्थ होईल. मशीन तिथेच विकून यायला सांगा, कंटेनरमधली जागा वाचेल.

दुबईचा किंवा युरोपचा असेल तर?

व्होल्टेज आणि हर्ट्झ जुळतात, तेव्हा मशीन चालू शकतं. युरोपच्या प्लगच्या दोन गोल पिना आपल्या छोट्या सॉकेटमध्ये ढिल्या का होईना जातात, आणि लोक त्यावर खूश होतात. पण त्या प्लगचा अर्थ बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर असतो, तो आपल्या सॉकेटला कुठेच लागत नाही. प्लग कापून आयएसआय शिक्क्याचा १६ अँपियरचा तीन पिनांचा बसवा. पण मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच.

महावितरणकडून लोड वाढवून घ्यावा लागेल का?

बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघा. दोन एसी, गिझर, इंडक्शन आणि वर ड्रायर असं सगळं एकदम चालणार असेल आणि मंजूर भार दोन-तीन किलोवॅटच असेल, तर वाढवून घ्या. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करता येतो. कळवा, मुंब्रा, दिवा, शीळ पट्ट्यात २०२० पासून फ्रँचायझी टोरंट पॉवरकडे आहे, तिथल्यांनी त्यांच्याकडे विचारावं. नुसता कागद वाढवून उपयोग नाही: मीटरपासून घरापर्यंतची वायर तेवढा भार पेलते का, हे परवानाधारक ठेकेदाराकडून बघून घ्या. आणि भार वाढवायचा नसेल तर गिझर आटपल्यावर ड्रायर लावा, हा फुकटचा उपाय आहेच.

इन्व्हर्टरवर किंवा सोसायटीच्या जनरेटरवर चालेल?

घरगुती बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर हीटरचा ड्रायर चालत नाही. टॉवरमध्ये जनरेटरवरून प्रत्येक घराला मोजकाच भार दिलेला असतो, त्यात दिवे-पंखे येतात. लाइट गेली की ड्रायरचं बटण बंद करा. लाइट येताना व्होल्टेज हेलकावे खातं.

एका रात्री इमारतीतल्या तीन-चार घरांचे टीव्ही-फ्रीज एकदम जळले. ड्रायरचं काय?

हा बहुधा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार. इमारतीला तीन फेज येतात आणि घरं त्यांत वाटलेली असतात. मीटररूममधला किंवा केबलचा मुख्य न्यूट्रल तुटला की काही घरांत व्होल्टेज खूप पडतं आणि काहींत ४०० च्या दिशेने चढतं. एमसीबी आणि साधा आरसीसीबी यावर काही करू शकत नाहीत. डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेजचा रिले बसवता येतो, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो घराची लाइन तोडतो. पण मूळ औषध म्हणजे मीटररूममधले जोड वर्षातून एकदा आवळून घेणं. सर्वसाधारण सभेत रंगाच्या शेडवर तासभर चर्चा होते, त्यातली पाच मिनिटं याला द्यावीत.

रात्री लावून झोपलं तर चालेल का?

कोणी जागं असताना लावा. प्लग तापतोय, वास येतोय, हे झोपलेल्या माणसाला कळत नाही. घराबाहेर जाताना टायमर लावून ठेवणंही तसंच. लिंट म्हणजे कपड्यांची लव जाळीत जमते, ती प्रत्येक राउंडनंतर काढा. जाळी तुंबली की हवा अडते, राउंड लांबतो, हीटर आणि प्लग दोन्ही जास्त वेळ तापतात, आणि लव पेटायला फार काही लागत नाही. खाद्यतेल, थिनर किंवा पेट्रोल लागलेले कपडे ड्रायरमध्ये टाकूच नका.

इलेक्ट्रिशियन चांगला आहे हे कसं ओळखावं?

महाराष्ट्रात वायरमनचा आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना असतो. मागायला लाजू नका. काम सुरू करण्याआधी तो मेन बंद करतो का, वायरीचं टोक सोलून नीट दुमडून स्क्रूखाली घालतो का, आवळल्यावर वायर ओढून बघतो का, एवढं पाहा. लाइन चालू ठेवून 'मला सवय आहे' म्हणणारा कितीही स्वस्त असला तरी नको. आणि काम झाल्यावर त्याच्यासमोरच ड्रायरचा पूर्ण राउंड लावा. वीस मिनिटांनी सॉकेट त्यालाच हाताने बघू द्या.

भाड्याचं घर आहे. मालक म्हणतो, तुम्हीच करून घ्या.

केसिंग पट्टीतून वरून लाइन घ्या, लेखी परवानगी घ्या, जाताना एमसीबी आणि सॉकेट काढून नेता येतात. तेही जमणार नसेल तर हीट पंपचा ड्रायर, किंवा सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नुसतं कपडे पिळणारं स्पिनर. त्याला हीटर नसतो, शे-दोनशे वॅटवर काम भागतं.

प्लगमधून धूर आला तर आधी काय?

डीबीतला मेन. प्लगला हात लावू नका, पाणी ओतू नका. ड्रायरच्या आत आग असेल तर दार उघडू नका, हवा मिळाली की भडकते. पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल आणि आग छोटी असेल तरच तो वापरा, नाहीतर दार ओढून घेऊन सगळ्यांनी बाहेर पडा. अग्निशमन १०१, किंवा ११२. कोणी शॉक लागून चिकटला असेल तर त्याला ओढायच्या आधी मेन, आणि मग रुग्णवाहिकेसाठी १०८. घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही, मेन कुठे आहे आणि कुठल्या बाजूला पाडायचा ते आजच दाखवून ठेवा. डीबीसमोर चपलांचं कपाट असेल तर ते हलवा.

ड्रायर बंद असताना त्याच पॉइंटवर इस्त्री लावली तर चालते ना?

चालते. इस्त्रीचा प्लग छोट्या पिनांचा असेल तर त्या मोठ्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर न घालता बसतात का ते आधी बघा. बऱ्याच पट्ट्यांवर दोन्ही आकारांची पाच-सहा भोकं असतात. त्यातलं छोटं भोक ढिलं लागत असेल तर इस्त्री दुसरीकडे लावा.